सोबतीला कोण

मल्लम्माचं दिवसकार्य उरकलं, पाहुणे पांगले, आणि दुबलगुंडीच्या त्या घरात कुणाला काही लागेनासं झालं. नागरत्ना मागच्या अंगणात बोअरच्या पाण्याखाली मल्लम्माची, तिच्या सासूची, अंथरुणं धूत होती. लकवा झाल्यापासून गेली कित्येक वर्षं ती रोजच धुतली जायची. आता ती धुवून कुणाला तरी देऊन टाकायची होती, एवढाच फरक. भेटायला आलेली प्रत्येक बाई जाताना एकच बोलून गेली होती, "सुटली बिचारी. आन् तूबी मोकळी झालीस, माय." नागरत्ना मान डोलवायची. मोकळं होणं म्हणजे नेमकं काय, हे तिला अजून उमगलं नव्हतं. पहाटे डोळा उघडायच्या आधीच हात म्हातारीची कूस बदलायला पुढं व्हायचे, आणि पलंग रिकामा असायचा.

तिचा भाऊ श्रीशैल भालकीहून मोटारसायकलवर आला तो याच दिवसांत. तो तिच्याहून पुष्कळ धाकटा. आई गेली तेव्हा तो शाळेत होता, त्यामुळं त्याच्या डब्यापासून तापापर्यंत सगळं अक्कानंच पाहिलेलं. तिचं लग्न होऊन ती दुबलगुंडीला आली तरी सुट्टी लागली की तो इथंच असायचा. शिकून हुशार निघाला. भालकीच्या एका खाजगी कॉलेजात केमिस्ट्री शिकवायचा. कपडे कायम इस्त्रीचे, केस बसवलेले, बुटांची टाच जरा जाडच. उंची मात्र वडिलांच्या वळणावर गेलेली. पाच फुटांच्या वर थोडी, बस्स. विरुपाक्षप्पांनी त्या उंचीत सगळा जन्म बाजारात काढला, तुरीचे सौदे केले, पंचायतीत भांडले, आणि त्यांना त्याचं कधी काही वाटलं असेल असं घरात कुणालाच वाटलं नव्हतं.

"अक्का, जरा बस की. बोलायचंय," श्रीशैल म्हणाला.

"बोल की. हात गुंतलेत, कान रिकामेच हाईत."

तो बादली उपडी घालून तिच्यावर बसला आणि सांगू लागला. आवाज वर्गातला, एकेक पायरी समजावून देणारा. हैदराबादला एक डॉक्टर आहे. दोन्ही नडग्यांची हाडं मधोमध कापतात. आत सळई घालतात, बाहेरून लोखंडी कडी बसवतात, ती तारांनी हाडाला जोडलेली. मग रोज कड्यांच्या चाव्या थोड्या थोड्या फिरवायच्या. हाडाचे दोन तुकडे रोज केसभर लांब होतात आणि मधल्या फटीत नवं हाड भरत जातं. तीन इंचांपर्यंत उंची वाढते. पुढं हाड पक्कं व्हायला आणखी काही महिने. सगळं मिळून वर्ष धरायचं. त्यानं भालकीतला प्लॉट विकला होता, कॉलेजातून बिनपगारी सुट्टी मागितली होती, दवाखान्याजवळ तळमजल्यावरची खोली पाहून ठेवली होती. व्हीलचेअर शिरेल एवढं दार तिला आहे का, हेही जाऊन मोजून आला होता.

नागरत्नाच्या हातातलं पांघरूण तसंच राहिलं. "पाय तोडून घ्यायलास? काय आजार बिजार न्हाई ना तुला?"

"आजार न्हाई."

"मग कामून?"

श्रीशैल नळाकडं बघत म्हणाला, "पोरं फळ्याच्या पार वरच्या टोकाला लिहून ठेवतात. गिड्डा सर, म्हणून. माझा हात तिथवर पुरत न्हाई. शिपायाला बोलवावं तर वर्ग हसतो. मग मी तसाच तास घेतो. मी खाली इक्वेशन लिहितो, वर ते तसंच राहतं. तासभर."

हे त्यानं आजवर घरात कुणाला सांगितलं नव्हतं. नागरत्नाला एकदम भरून आलं. दोन स्थळं उंचीवरून मोडली होती ते तिला माहीत होतं, पण ती गोष्ट वेगळी. हे रोजचं होतं.

"लई दुखत असंल की रे ते," ती म्हणाली. तिला ऑपरेशन म्हणायचं होतं का फळा, हे तिचं तिलाच कळलं नाही.

"दुखतंय. पण मी सगळी तयारी केलीय. काय खायचं, कधी व्यायाम करायचा, कमोडची खुर्ची, सगळं. आन् जखमा रोज पुसायच्या, पाय ताणायचा, उठवायचं बसवायचं, ते तू करशील की. तुला सगळी सवयच हाय. आन् आता मोकळीबी झालीस."

जेवणात मीठ असणारच, तितक्या सहज तो हे बोलून गेला. नागरत्नानं पांघरूण पिळायला घेतलं. मनगटातून कळ निघाली. म्हातारीला उचलून उचलून तिची दोन्ही मनगटं गेली होती. रात्री गरम कापड बांधल्याशिवाय झोप यायची नाही.

"बघू," ती म्हणाली.

त्या 'बघू'चा अर्थ श्रीशैलनं 'हो' असा घेतला. घेणारच. आजवर तिच्या प्रत्येक 'बघू'चा शेवट 'हो'तच झाला होता.

नवऱ्याला तिनं जेवताना सांगितलं. गुरुबसव म्हणजे आल्याचं आणि तुरीचं पीक घेणारा, कमी बोलणारा माणूस. भाकरीचा घास चावत त्यानं सगळं ऐकून घेतलं. "तुझा भाऊ हाय. तू ठरव," म्हणाला. तो कधीच आडकाठी करायचा नाही. त्याच्या आईचं करायची वेळ आली तेव्हाही त्यानं असंच सांगितलं होतं, तुला जमंल तसं कर. प्रत्येक वेळी असं मोठ्या मनानं ठरवायला मिळणं हेसुद्धा एक ओझंच असतं, पण ते बोलून दाखवण्याइतकी ताकद त्या दिवशी तिच्यात नव्हती. कलबुर्गीला हॉस्टेलात शिकणाऱ्या लेकीला, चैत्राला फोन केला तर ती म्हणाली, "आई, तू आधी इकडं ये. आठ दिवस नुसती पडून राहा." नागरत्ना हसली. पडून राहायला म्हणून कुणी गावाला जातं का.

महिन्याभरानं तिघं हैदराबादला गेली. श्रीशैल, नागरत्ना आणि विरुपाक्षप्पा. अप्पांना कुणी बोलावलं नव्हतं, ते आपणहून पांढरं धोतर नेसून स्टेशनवर येऊन उभे राहिले होते. पोराच्या बेताबद्दल ते चांगलं-वाईट एक अक्षर बोलले नव्हते.

डॉक्टर मोकळा माणूस होता. त्यानं काही लपवलं नाही. जखमा पिकू शकतात, घोट्याचा सांधा आखडतो, टाच वर उचलली जाते आणि ताणली नाही तर तशीच राहते, मुंग्या येतात, काही जणांचं हाड लवकर भरत नाही. आधी मनाच्या डॉक्टरला भेटून या, तो हो म्हणाला तरच पुढं, असंही बजावलं. श्रीशैलला सगळं पाठ होतं. डॉक्टर वाक्य सुरू करायचा आणि तो पुरं करायचा.

"घर में कौन देखते?" डॉक्टरनं विचारलं.

"मेरी अक्का," श्रीशैल म्हणाला.

डॉक्टरनं नागरत्नाकडं पाहिलं. तिनं बसल्या बसल्या हात मांडीखाली घेतले. त्यानं तिला विचारलं की काय काय करावं लागतं ते ठाऊक आहे का. तिनं नाही म्हणून मान हलवली. मग तो म्हणाला, आमचा एक पेशंट इथंच मागच्या गल्लीत खोली घेऊन राहतो. तुमच्याच बाजूचा, औरादचा. त्याची आई आहे सोबतीला. एकदा जाऊन बघा, मग ठरवा.

त्या पेशंटचं नाव माउली. पंचविशीचा, देखणा पोरगा. पलंगावर पाय सोडून बसला होता. दोन्ही नडग्यांभोवती लोखंडी कडी, कड्यांतून तारा मांसात शिरलेल्या, आणि प्रत्येक तारेच्या मुळाशी पट्टीचा छोटासा तुकडा. खोलीत औषधाचा वास होता, आणि त्याच्या खाली आणखी एक वास. तो नागरत्नानं दारातच ओळखला. एकाच खोलीत माणूस खातं, झोपतं, मुततं, त्या खोलीचा वास.

श्रीशैल पलंगाशेजारी खुर्ची ओढून बसला. "किती झाली?" त्यानं पहिलं तेच विचारलं.

"दोन इंचाच्या वर," माउली म्हणाला, आणि त्याचा चेहरा खरंच उजळला. "उभं राहता येत न्हाई नीट, पण राहीन तवा दिसंल." मग म्हणाला, "आई नसती तर मी कधीच बंद करा म्हणलो असतो. एकट्याचं काम न्हाई हे."

श्रीशैलनं अक्काकडं असं पाहिलं की जणू त्याचा हिशेब बरोबर निघाला होता.

माउलीची आई, चंद्रभागाबाई, नागरत्नाला आत घेऊन गेली. आत म्हणजे पडद्यामागं ओटा आणि गॅस. चहा ठेवून ती भिंतीला टेकली. अंगानं थोराड बाई, पण डोळ्यांखाली काळं झालेलं.

"तुम्ही राहणार व्हय भावाजवळ?"

"म्हणायलाय तसं."

"पोरगं माझं वाईट न्हाई," चंद्रभागाबाई सांगू लागली. "शिवी न्हाई, त्रागा न्हाई. पण पाय ताणायला घेतला की ओरडतंय. आपणच ताणायचा, आन् आपल्यामुळंच ओरडायलंय म्हणून आपणच रडायचं. लहानपणी पडलं, लागलं तर फुंकर घालायची मी. आता मीच दुखवायलेय. रोज. ते सोसत न्हाई मला. बाकी उचलणं-बिचलणं काय, ते होतंय."

चहा उकळून वर आला. तिनं गॅस बारीक केला आणि नागरत्नाकडं नीट निरखून पाहिलं.

"ताई, राग येऊ देऊ नका. पण तुम्ही आधीच दमलेल्या दिसता."

"सासू होती अंथरुणाला. आत्ताच गेली."

"मग येऊ नका," चंद्रभागाबाई सरळ म्हणाली. "मी ताजी आले होते. शेतात काम केलेलं अंग, दणकट. तरी माझी ही गत झाली. दमलेल्या माणसानं न्हाई यायचं इथं."

इतक्या वर्षांत नागरत्नाला कुणीही, नवऱ्यानं, भावानं, दिराच्या बायकोनं, कुणीही ती दमलीय असं पाहून म्हटलं नव्हतं. अनोळखी बाईनं चहा गाळता गाळता म्हटलं. तिनं पदर तोंडाला लावला. चंद्रभागाबाईनं तिला रडू दिलं, समजूत घालायला गेली नाही.

परतीच्या गाडीत खिडकीजवळ अप्पा बसले होते, समोर बहीण-भाऊ. विकाराबाद गेलं. श्रीशैल तारखांचं बोलत होता, संक्रांतीनंतर ॲडमिट झालो तर उन्हाळा तिकडंच जाईल, खोलीला कूलर लागेल.

"श्रीशैल, मी येणार न्हाई," नागरत्ना म्हणाली.

आधी त्याला वाटलं ती तारखेबद्दल बोलतेय. "मग कधी जमंल तुला? पुढं ढकलू."

"कधीच न्हाई. माझ्याच्यानं होणार न्हाई ते."

त्याचा चेहरा उतरला. डब्यात माणसं होती म्हणून तो हळू बोलला, पण शब्द टोचायचे ते टोचलेच. "सासूचं केलंस की इतकी वर्षं. ती तर तुझी रक्ताचीबी नव्हती."

"तिचं केलं म्हणूनच म्हणायलेय. उरलंच न्हाई काही अंगात."

"म्हणजे मी करू नको म्हणतीस."

"तसं न्हाई म्हणले मी. तुझे पाय हाईत, तुझा जीव हाय. फळ्याचं सांगितलंस तवापासून मला घास गोड लागंना झालाय. कर न्हाईतर करू नको, त्यातलं काहीच माझ्या तोंडून निघत न्हाई." ती थांबली. दम लागल्यासारखं झालं होतं. "एवढंच म्हणते की तिथं मी नसीन."

"तुला वाटतं, मला हौस आलीय."

"न्हाई रे."

"आई असती तर आली असती," तो म्हणाला आणि उठून दाराशी जाऊन उभा राहिला.

हे वाक्य तिला लागलं. आईच्या जागी तीच तर होती आजवर. आईला तरी असं सांगता आलं असतं का, आई दमली असती तर तिनं काय केलं असतं, हे तिला कळेना. झहीराबाद येईपर्यंत ती मांडीवरचे हात बघत बसली.

अप्पा इतका वेळ खिडकीबाहेर बघत होते. बिदर मागं पडल्यावर ते म्हणाले, "मी जातो त्याच्यासंगं."

"अप्पा, तुम्हाला कसं झेपंल? तुमचंच कुणीतरी करायला पाहिजे."

"एक माणूस ठेवू उचलायला. मी नुसता बसीन. जखमा पुसायला काय लागतं." मग बऱ्याच वेळानं, तिच्याकडं न बघता, "उंची माझीच लागलीय त्याला. तू कामून भोगायलीस."

मनाच्या डॉक्टरनं हो म्हटलं आणि संक्रांतीनंतर ऑपरेशन झालं. अप्पा गेले, आणि दवाखान्याच्या ओळखीनं अफजलपूर तालुक्यातल्या करजगीचा हणमंतप्पा नावाचा माणूस उचलायला-बसवायला मिळाला. नागरत्ना दुबलगुंडीतच राहिली. भाऊबंदांत बोलणं झालंच. भालकीच्या काकूनं एका लग्नात चारचौघींत म्हटलं, "सख्खी बहीण असून म्हातारा बाप राबायलाय तिकडं." नागरत्नानं ताटातला भात कालवून ठेवला आणि तशीच उठली.

झोप येईल असं तिला वाटलं होतं. ती काही आली नाही. अंग दुखायचं, पण दुखण्याला काम नसल्यानं ते जास्तच जाणवायचं. रोज संध्याकाळी अप्पांचा फोन यायचा. बरं हाय, जेवला, आज पट्टी बदलली. एकदा बोलता बोलता मागून श्रीशैलचा आवाज आला. तो ओरडत नव्हता, बारीक आवाजात, आईला हाक मारावी तसा, "अव्वा, अव्वा" करत कण्हत होता. अप्पांनी घाईनं फोन ठेवला. नागरत्नानं उठून पिशवी काढली, दोन लुगडी कोंबली, औषधाचा डबा टाकला. गुरुबसव गाडीची किल्ली घेऊन दारात उभा राहिला. "सोडू का हुमनाबादला, हैदराबादच्या बसला?" तिनं पिशवीचा बंद धरला, उचलायला गेली, आणि मनगटानं दगा दिला. पिशवी पायावर पडली. ती तिथंच खाली बसली. गुरुबसवनं किल्ली खुंटीला अडकवली, तिच्याशेजारी बसला आणि पहिल्यांदाच म्हणाला, "आईचं तू एकटीनंच केलंस. मला दिसत होतं. मी काही केलो न्हाई." तिनं पायावरची पिशवी बाजूला सारली.

तुरीची रास होऊन उन्हाळा लागल्यावर ती गेली. राहायला नाही, बघायला जाते, असं आधीच फोनवर सांगून गेली.

खोली स्वच्छ होती. श्रीशैल वाळला होता, दाढी वाढली होती. तिला बघून तो हसला, पण गाडीतलं बोलणं दोघांच्या मध्ये तसंच होतं. हणमंतप्पा बाजारात गेला होता, आणि टाच ताणायची वेळ झाली होती. ते काम अप्पांनी स्वतःकडंच ठेवलं होतं. अप्पा पलंगाच्या पायथ्याशी गेले. पोराचा तळवा त्यांनी आपल्या छातीला लावला, दोन्ही हातांनी घोटा धरला आणि सगळं अंग पुढं टाकलं. म्हाताऱ्या हातांत जोर नव्हता, म्हणून ते अंगानं ढकलत होते. श्रीशैलनं उशी दातांत धरली. मग उशी सुटली आणि तो ओरडला, "सोडा. सोडा म्हणलं ना."

"थोडंच राह्यलंय," अप्पा म्हणाले आणि ढकलत राहिले.

झाल्यावर त्यांनी पाय हळूच उशीवर ठेवला आणि उठायला गेले. उठताना एक हात पलंगाच्या कडेला, दुसरा गुडघ्यावर, मग थोडं थांबायचं, मग कंबर सरळ करायची. नागरत्नानं ते पाहिलं. असंच ती उठायची. वर्षानुवर्षं असंच. तिनं नाही म्हटलं म्हणून काम संपलं नव्हतं, ते तिच्या पाठीवरून उतरून सत्तरीच्या बापाच्या पाठीवर चढलं होतं.

"अप्पा, आठ दिवस घरी चला माझ्यासंगं."

"मी बरा हाय," अप्पा म्हणाले. त्या वाक्याची तिला चांगली ओळख होती.

ती पलंगाकडं वळली. "श्रीशैल, अप्पांना मी नेते. हणमंतप्पाला दिवसभर ठेव."

"आन् मी?" तो म्हणाला. त्या दोन शब्दांत तो पुन्हा शाळेतला पोरगा झाला होता.

"तुझं तुलाच बघावं लागंल थोडं. मला दुसरं काही सुचत न्हाई."

त्यानं तोंड भिंतीकडं फिरवलं. नागरत्नानं डाळ-भात केला, तिघं जेवली. तिला वाटत होतं की आपण इथं यायलाच नको होतं, आणि असंही वाटत होतं की आधीच यायला हवं होतं. दोन्ही खरं होतं. दुसऱ्या दिवशी ती अप्पांना घेऊन निघाली. अप्पा गाडीत बसल्या बसल्या झोपले ते भालकीपर्यंत.

चार दिवसांनी श्रीशैलचा फोन आला, अक्काला नाही, अप्पांना. डॉक्टरला सांगून त्यानं चाव्या फिरवणं बंद केलं होतं. दोन इंचांच्या आतच. पायाच्या अंगठ्याला मुंग्या यायल्यात म्हणून, असं तो म्हणाला. डॉक्टरनंही अडवलं नाही. इथं थांबलात तर चांगलंच, हाड लवकर भरेल, असं त्यानं सांगितलं. अप्पा फोन ठेवून बराच वेळ उंबऱ्यात बसून राहिले.

कडी निघाली, सळई आत राहिली, आणि पावसाळा सरता सरता श्रीशैल कुबड्यांवर भालकीला परतला. नागरत्ना भेटायला गेली. घराच्या दारात तो उभा होता. आधी तो तिच्या कानापर्यंत यायचा, आता भुवईच्या वर आला होता. ज्याला माहीत नव्हतं त्याला ते कळलंही नसतं. बोळातल्या एका म्हातारीनं तिला विचारलं, "गाडीवरनं पडला व्हय गं पोरगा?" नागरत्ना व्हय म्हणाली.

घरात गेल्या गेल्या तिनं पदर खोचला आणि ओट्याकडं वळली. "डबा सांगितलाय खानावळीतनं," श्रीशैल म्हणाला. "बस तू."

ज्वारीची भाकरी, वांग्याची भाजी आणि शेंगाचटणी आली. जेवताना अप्पा बाजारातल्या गोष्टी सांगत होते. ते पुन्हा बाजारात जायला लागले होते, पण दुपारी परत यायचे. जेवण झाल्यावर ते आत जाऊन आडवे झाले. बहीण-भाऊ दोघंच राहिली.

"बरं वाटतंय का रे?" तिनं विचारलं.

श्रीशैलनं विचार केला. "आरशात बघितलं की बरं वाटतं. पायरी उतरताना वाटतं, कशाला केलं. दोन्ही एकाच दिवशी होतं, अक्का. पुढच्या जूनमध्ये कॉलेजला जाईन, तवा कळंल." मग कुबडीची रबरी टोपी नखानं खरवडत म्हणाला, "मुंग्या यायच्या, पण थोड्याच. अप्पा तुझ्यासंगं गेले त्या दिवशी पहिल्यांदा हणमंतप्पानं पाय ताणला. त्याच्या हातात लई जोर. ताणताना एवढं दुखलं न्हाई. मग कळलं की अप्पा किती जोर लावायचे आन् तो पुरायचा न्हाई, म्हणून जास्त दुखायचं. इतके दिवस मी त्यांच्यावर ओरडायलो होतो. मग चाव्या फिरवायचं मनच झालं न्हाई." तो थांबला. "तुझ्यावर अजून राग हाय थोडा."

"असू दे," ती म्हणाली.

"तुला?"

"मला राग नव्हताच. मी दमले होते."

"आन् आता?"

"अजून हाय दमलेलं अंग. जाईल हळूहळू. न्हाई गेलं तर न्हाई."

तो कुबड्या काखेत घेऊन उठला, कपाटातली चादर एका हातानं ओढून काढली आणि बाजेवर टाकली. चादर अर्धी खाली लोंबली, त्याला ती नीट करता येईना. नागरत्ना उठणार होती, पण त्यानं हातानं थांबवलं. कुबडीच्या टोकानं चादर वर सारली आणि म्हणाला, "पड जरा. बस पाचला हाय."

ती पडली. घटकाभर, म्हणून. मनगटं पोटावर ठेवली, बाहेर बोळात कुणीतरी कानडीत शेळीला हाकलत होतं, ते ऐकता ऐकता कधी डोळा लागला कळलं नाही. जाग आली तेव्हा घरात दिवा लागला होता. श्रीशैल खुर्चीत बसून पेपर वाचत होता, पाय समोरच्या स्टुलावर.

"बस गेली की," ती उठून बसत म्हणाली. "उठवलं कामून न्हाईस?"

"भाऊजींना फोन केलाय," तो पेपरातून मान वर न करता म्हणाला. "सकाळी जा."